संगणकाशी मराठीत, भाग ६ : क्लायंट रायपुरात, हाक नागपुरातून

गेल्या आठवड्यात आपण २०२२ साली केंद्र सरकारने सुरू केलेल्या ‘भाषिणी’सारख्या सेवेकडे मजकूर पाठवून अनुवाद मागवला. आज त्या कामासाठी एक छोटा कमांड लाइन क्लायंट बांधू आणि तो दुसऱ्या गावातून वापरता येईल अशी सोय करू.

समजा, रायपूरच्या सदर बाजारात, म्हणजे तिथल्या सराफ्यात, एका पेढीवर दागिन्यांची वर्णने हिंदीत लिहिली जातात. नागपूरच्या गिऱ्हाइकांसाठी ती मराठीत हवी आहेत. सेवेची गुप्त किल्ली पेढीतल्या संगणकावर आहे. ती प्रत्येकाच्या लॅपटॉपवर वाटली की कुठून फुटली हे कळायचा मार्ग उरत नाही. म्हणून किल्ली आणि क्लायंट दोन्ही रायपुरातच राहू द्यावेत आणि नागपुरातून एसएसएचने क्लायंट चालवावा.

क्लायंटचे काम एवढेच: एका बाजूने मजकूर घ्यायचा, सेवेला द्यायचा, आलेले उत्तर दुसऱ्या बाजूने सोडायचे. ‘काम सुरू आहे’, ‘धन्यवाद’ असले काही त्या उत्तरात मिसळू देऊ नये. सूचना आणि तक्रारी स्टँडर्ड एररच्या वेगळ्या वाटेने जाव्यात. असा क्लायंट पाइपने कुठल्याही प्रोग्रामला जोडता येतो. पाइपची कल्पना डग मॅकिलरॉय यांची; १९७३ मध्ये केन थॉम्पसन यांनी ती युनिक्समध्ये उतरवली.

याच थॉम्पसन यांनी रॉब पाइक यांच्यासोबत १९९२ मध्ये यूटीएफ-८ ही पद्धत रचली. तिच्यात देवनागरीचे प्रत्येक चिन्ह ३ बाइट घेते. ‘सदर बाजार’मध्ये काना धरून ८ चिन्हे आणि एक मोकळी जागा, म्हणजे २५ बाइट. मोठा मजकूर ४०९६ बाइटांच्या तुकड्यांत कापला, तर निव्वळ देवनागरी मजकुरात १३६५ चिन्हांनंतर एक बाइट उरतो आणि पुढचे चिन्ह मधोमध तुटते. चिन्हाच्या सीमेवर कापले तरी काना अक्षरापासून सुटू शकतो. म्हणून मजकूर ओळीच्या किंवा वाक्याच्या शेवटीच तोडावा.

दुसरी काळजी ‘ऱ’ची. तो एकाच संकेताने साठवता येतो, किंवा ‘र’ आणि नुक्ता अशा दोन संकेतांनी. डोळ्यांना दोन्ही सारखेच दिसतात, पण साध्या शोधात ‘गिऱ्हाईक’ एकदा सापडते आणि एकदा निसटते. आलेले मराठी उत्तर युनिकोडच्या एनएफसी रूपात आणले की दोन्हींचा एकच संकेत होतो. ही पायरी क्लायंटमध्येच घाला. वापरणाऱ्याला तिची आठवण ठेवावी लागू नये.

आता दूरची वाट. हेलसिंकीच्या तंत्र विद्यापीठाच्या जाळ्यावर पासवर्ड चोरले गेले, त्यानंतर १९९५ मध्ये तातू युलोनेन यांनी एसएसएच लिहिले. नागपूरच्या संगणकावर किल्ल्यांची जोडी तयार करा. खासगी किल्ली तिथेच ठेवा, सार्वजनिक किल्ली पेढीतल्या ‘ऑथराइज्ड कीज’ फाइलमध्ये लिहा. त्याच ओळीच्या आरंभी ‘कमांड’ हा पर्याय लिहून क्लायंटचे नाव द्या. मग त्या किल्लीने फक्त क्लायंट चालेल. टर्मिनल, पोर्ट वगैरे बाकीच्या सवलती ‘रिस्ट्रिक्ट’ या पर्यायाने बंद होतात. पेढीचे हिशेब त्याच संगणकावर असतील, तर हे बंधन अत्यावश्यक आहे.

शेवटी एक्झिट कोड. काम झाले तर शून्य, सेवेने नकार दिला तर क्लायंटने ठरवलेला दुसरा आकडा. जोडणीच झाली नाही, तर एसएसएच स्वतः २५५ देते. म्हणून आपल्या आकड्यांत २५५ घेऊ नका. बिघाड रायपूरच्या वाटेवर आहे की सेवेत, हे लगेच कळेल.

पुढच्या भागापर्यंत एक चाचणी करा. एकदा नेहमीसारखा मजकूर पाठवा, मग पेढीतले इंटरनेट बंद करून तिथल्याच संगणकावरून पुन्हा पाठवा. दुसऱ्या खेपेला कोड शून्य आला, तर तो क्लायंट कुणाच्याही हाती देऊ नका. सेवा मध्येच थांबली तर पुन्हा कधी आणि किती वेळा विचारायचे, ते पुढच्या आठवड्यात पाहू.