पाठ कापलेली खुर्ची

संपादकांचा निरोप मोजका होता. आळंद तालुक्यातल्या खजुरीसारख्या गावात, गरीब वस्तीत, चर्चच्या आधारानं व्यसनमुक्ती केंद्र काढायचं झालं तर काय काय लागेल ते लिहा. बिदर-कलबुर्गी पट्ट्यात मेथॉडिस्ट मिशन जुनं आहे, दलित वस्त्यांतून ख्रिस्ती घरं आहेत, आणि दारूनं धुळीला मिळवलेली घरं तर सगळ्याच धर्मांत आहेत. पण असं काम वर्षानुवर्षं टिकलेलं पाहायचं तर मुंबईकडे वळावं लागतं, वांद्र्याच्या चॅपल रोडवरच्या माउंट कार्मेल चर्चकडे. चर्चच्या आवारात १९८१ साली ‘कृपा फाउंडेशन’ सुरू झालं.

अधिकृत इतिहास थोडक्यात सांगतो. मुंबई धर्मप्रांताचे धर्मगुरू फादर जो परेरा स्वतः दारूच्या तावडीत सापडले होते. अल्कोहोलिक्स ॲनॉनिमस या दारू सोडणाऱ्यांच्या संघटनेच्या वाटेनं ते बाहेर पडले आणि त्याच वाटेवर इतरांना आणू लागले. काळही तसाच आला होता. १९७९ नंतर अफगाणिस्तान पेटलं आणि तिकडची ब्राऊन शुगर मुंबईच्या गल्ल्यांत पुडीनं मिळू लागली. पन्नीवर ही ब्राऊन शुगर, म्हणजे गर्द, ओढणाऱ्या पोरांना मुंबईनं ‘गर्दुल्ले’ हे नाव देऊन टाकलं आणि वळसा घालून जायला सुरुवात केली. अनिल आणि सुनंदा अवचटांचं पुण्याचं मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्र १९८६चं, म्हणजे कृपा त्याच्यापेक्षा पाच वर्षांनी मोठं. पुढे वसईपासून ईशान्य भारतापर्यंत कृपाची केंद्रं निघाली. २००९ मध्ये फादरना पद्मश्री मिळाली. केंद्रात कुठल्याही धर्माचा माणूस चालतो.

माझं मन मात्र तिथल्या एका खुर्चीवर अडलं. घडीची, लोखंडी, मांडववाल्याकडे असते तशीच. फक्त पाठ टेकायचा पत्रा काढून टाकलेला, नुसती चौकट उरलेली. फादर जो हे योगगुरू बी. के. एस. अय्यंगार यांचे शिष्य. आपले कर्नाटकातल्या बेल्लूरचे अय्यंगार १९३७ साली पुण्यात आले आणि तिथलेच झाले. लहानपणी दुखण्यांनी पिचलेल्या या माणसानं योगाला साधनं जोडली: दोर, पट्टे, लोड, लाकडी ठोकळे आणि ही खुर्ची. ज्याचं शरीर आसनापर्यंत पोचत नाही, त्याच्यापर्यंत आसन आणायचं, हा त्यामागचा हिशेब.

आता गर्द सुटलेल्या माणसाचं शरीर डोळ्यांपुढे आणा. शेवटच्या पुडीनंतर आठ-बारा तासांत जांभया सुरू होतात, नाक-डोळे गळू लागतात, अंगावर काटा येतो. मग जुलाब, उलट्या, हाडं पिळवटणारी कळ. पाय तर स्वतःहून झाडले जातात. मुंबईचे व्यसनी याला ‘टर्की लागली’ म्हणतात. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी टर्की शिगेला पोचते, आठवड्यात ओसरते; पण झोप त्यानंतरही कित्येक आठवडे परतत नाही. अशा माणसाला ‘ताठ बस, डोळे मीट, ध्यान कर’ म्हणणं ही थट्टाच. कृपात त्याला जमिनीवर निजवतात. पाठीच्या कण्याखाली उभा लोड, म्हणजे छाती आपोआप उघडते. पोटऱ्या खुर्चीच्या बैठकीवर. झाडणाऱ्या मांड्यांना पट्टा. डोळ्यांवर क्रेप बँडेजचा सैल वेढा. करायचं काही नाही, श्वास तेवढा येऊ-जाऊ द्यायचा. पुढे अंगात थोडी ताकद आली की त्याच खुर्चीच्या चौकटीतून पाय पलीकडे घालून, बैठकीच्या कडेवरून पाठ मागे वळवून विपरीत दंडासन. चौकट मोकळी ठेवली ती यासाठी.

यानं व्यसन बरं होतं असं मी म्हणणार नाही. अस्वस्थता आणि झोप यांच्यासाठी योगाचा उपयोग होतो, औषधाची जागा तो घेत नाही. पण ज्या शरीराला वर्षानुवर्षं फक्त पुडीनंच आराम माहीत होता, त्याला दुसऱ्या रीतीनंही आराम मिळू शकतो, हे त्या लोखंडी चौकटीत पहिल्यांदा कळतं. प्रवचनानं हे साधत नाही. एका पाद्र्यानं हे ओळखावं, याचं मला कौतुक वाटतं.

कौतुक सगळ्यांनाच होतं असं नाही. १९८९ मध्ये व्हॅटिकननं ख्रिस्ती ध्यानाविषयी पत्र काढलं, त्यावर कार्डिनल रात्झिंगर यांची सही होती. योग, झेन वगैरे पद्धतींबाबत त्यात सावधगिरीचा इशारा होता. म्हणजे चर्चमधल्या काहींना योग खुपणार आणि चर्चबाहेरच्या काहींना चर्च.

ख्रिस्ती व्यसनमुक्तीचा दुसरा, जास्त फैलावलेला नमुना अमेरिकेचा. पेनसिल्व्हेनियातल्या खेड्यातला पाद्री डेव्हिड विल्करसन १९५८ मध्ये मासिकातलं एक चित्र पाहून न्यूयॉर्कला धावला. चित्र होतं खुनाच्या खटल्यात उभ्या केलेल्या पोरांचं. १९६० मध्ये ब्रुकलिनला त्यानं घर उघडलं, तेच ‘टीन चॅलेंज’. भर सगळा बायबल आणि प्रार्थनेवर. टर्की प्रार्थनेच्या बळावर काढायची. मुंबईत त्याच नावानं कामाठीपुऱ्यात काम उभं राहिलं. निष्ठेला माझा नमस्कार. रीतीची मात्र धास्ती वाटते, आणि खजुरीचा विचार करताना ती दुप्पट होते.

कारण खजुरीत गर्द हा मुख्य शत्रू नव्हे. तिथे दारू आहे, आणि या पट्ट्यात भेसळीची शिंदी. कर्नाटकानं २००७ मध्ये परवान्याची सारायी, म्हणजे देशी दारू, बंद केली, पिणं बंद झालं नाही. शिंदीत क्लोरल हायड्रेट किंवा झोपेच्या गोळ्यांची पूड मिसळतात, पिणाऱ्याला ठाऊकही नसतं. गर्दची टर्की जीव नकोसा करते, पण सहसा जीव घेत नाही. दारू आणि ही पूड एकदम तोडली तर घेऊ शकते: फिट्स येतात, भ्रम होतो, हात थरथरतात, ताप चढतो. २०१५ च्या सप्टेंबरात शेजारच्या तेलंगणात भेसळीच्या शिंदीवर धाडी पडल्या, तेव्हा हैदराबादच्या एर्रागड्डा मनोरुग्णालयात आणि निजामाबादेत असे रुग्ण लोंढ्यानं आले. पाच-सहा माणसांना खोलीत ठेवून रात्रभर स्तोत्रं म्हणणारा भला उपदेशक अशा रात्री एखादा मृत्यू ओढवून घेईल.

दुसरा धोका सुटल्यानंतरचा. तीन महिने गर्द न घेतलेल्या शरीराची सवय मोडलेली असते. बाहेर पडून पूर्वीइतकाच डोस घेतला तर श्वास थांबतो. ‘बरा होऊन गेला’ म्हणून ज्याची साक्ष चर्चमध्ये झाली, तोच आठवड्यात जातो. घसरणं हा या आजाराचा भागच. घसरलेल्याला पापी ठरवणारं केंद्र त्याचं परतीचं दार बंद करतं.

मग पैसा आणि कागद. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यात व्यसनही येतं. केंद्राची नोंदणी लागते, साखळीनं बांधायला बंदी आहे. २०२० च्या दुरुस्तीनंतर परदेशी देणगी एका संस्थेनं दुसरीला देता येत नाही. मुंबईच्या मोठ्या संस्थेला बाहेरून आलेला पैसा खजुरीच्या छोट्या केंद्राकडे वळवणं शक्य नाही. त्यात धर्मांतराचा संशय. कर्नाटकात २०२२ मध्ये धर्मांतरविरोधी कायदा आला. २०२३ मध्ये नव्या मंत्रिमंडळानं तो मागे घ्यायचं ठरवलं, गावातली कुजबुज काही मागे जात नाही. धर्मस्थळ देवस्थानाची मद्यवर्जन शिबिरं गावोगावी आठवडाभर भरतात, लोक त्यांना आपली मानतात. त्यांच्याशी स्पर्धा करण्यापेक्षा शिबिर उठल्यावर ज्यांचा हात पुन्हा बाटलीकडे जातो, त्यांना धरणं हे चर्चला जास्त शोभेल.

गरज किती, हे २०१९ च्या राष्ट्रीय पाहणीत आहे: दारूवर अवलंबून असलेल्या ३८ जणांपैकी एकालाच कुठले ना कुठले उपचार मिळतात, आणि १८० पैकी एकालाच दाखल होऊन.

म्हणून खजुरीत केंद्र काढू पाहणाऱ्यांना सांगतो, क्रम बदलू नका. आधी कलबुर्गीच्या सरकारी मेडिकल कॉलेजच्या मानसोपचार विभागाशी बोलणी करा. पहिले सात-दहा दिवस रुग्ण दवाखान्यातच राहू द्या, तुमच्याकडे त्यानंतर घ्या. दोन-तीन सुटलेले व्यसनी कामाला ठेवा, पगार देऊन. प्रार्थना ज्याला हवी त्याच्यासाठी ठेवा, सक्ती नको. खुर्च्या कुठल्याही मांडववाल्याकडून घ्या, पत्रा गावातला वेल्डर कापून देईल. आणि घरात कुणी आज पिऊन पडलं असेल, तर केंद्र उघडायची वाट पाहू नका: सरकारची व्यसनमुक्तीची मोफत हेल्पलाइन १४४४६ आहे.