‘नो-क्लीन’ म्हणजे कधीच धुवायचं नाही?

तुळिंजच्या मोबाइल दुरुस्तीच्या टपरीपासून वसई पूर्वेच्या औद्योगिक गाळ्यांपर्यंत, जिथे सोल्डरिंग चालतं तिथे फ्लक्सबद्दल दोन ठाम मतं भेटतात. एक असं की, डबीवर ‘नो-क्लीन’ लिहिलंय म्हणजे पुसायचा प्रश्नच नाही. दुसरं असं की, बोर्ड चकचकीत दिसेपर्यंत घासला की काम झालं. मतं परस्परविरोधी असली तरी चूक एकच आहे. दोन्हीकडे निवाडा डोळ्यांना दिसणाऱ्या गोष्टीवर, लेबलवर किंवा चकाकीवर, सोपवलेला असतो, आणि बोर्ड बिघडवणारी गोष्ट बहुधा डोळ्यांना दिसत नाही. उरलेला फ्लक्स घातक ठरेल की नाही हे तीन गोष्टींवर ठरतं: फ्लक्स कोणत्या जातीचा, तो पुरेसा तापला का, आणि बोर्ड पुढे किती दमट हवेत राहणार.

जातीपासून सुरुवात करू. तांब्यावर चढलेला ऑक्साइडचा थर काढल्याशिवाय सोल्डर धरत नाही, आणि तो काढायला आम्ल लागतं; फ्लक्स तेच पुरवतो. चीडच्या झाडापासून मिळणाऱ्या राळेत हे आम्ल असतं. गरम असताना ते काम करतं आणि थंड झालं की कडक, काचेसारख्या थरात अडकून बसतं. जोडाभोवती दिसणारं पिवळसर कडं बघून लोक घाबरतात. पण ते साध्या राळेचं असेल तर सहसा निरुपद्रवी असतं. कल्हईवाल्याचा नवसागर किंवा पत्र्याच्या डाखाला वापरतात ते जस्त क्लोराइड ही मात्र अगदी वेगळी जात. जस्त क्लोराइड हवेतलं पाणी ओढून घेतं आणि तांबं खात राहतं. हार्डवेअरच्या दुकानातल्या काही सोल्डरिंग पेस्टमध्ये तेच असतं. अशी पेस्ट बोर्डवर वापरूच नये. पाण्यात विरघळणारे फ्लक्सही जोरकस असतात. काम संपताच ते धुवावेच लागतात, तेही क्षार काढलेल्या पाण्याने, कारण नळाचं पाणी स्वतःचे क्षार मागे ठेवतं.

‘नो-क्लीन’चा जन्म धुलाईच्या अडचणीतूनच झाला. पूर्वी कारखान्यांत बोर्ड धुवायला सीएफसी-113 सर्रास वापरत. ओझोनच्या थरासाठी 1987 मध्ये माँट्रियल करार झाला, ते द्रावक हद्दपार होऊ लागलं, आणि न धुताही चालेल अशा फ्लक्सकडे उद्योग वळला. त्यात राळेसोबत ॲडिपिकसारखी सौम्य आम्लं असतात. पुरेशी उष्णता मिळाली तर ती वापरली जातात, उडून जातात किंवा थरात बंद होतात. कोणी म्हणेल, हे फ्लक्स 40 अंश तापमानात आणि 90 टक्के आर्द्रतेत सात दिवस तपासलेले असतात, बोर्डच्या पृष्ठभागाचा रोध 10 कोटी ओहमच्या खाली गेलेला चालत नाही, मग शंका कशाला? चाचणी खरी आहे. पण तिच्यातला नमुना ठरलेल्या तापमानातून नीट गेलेला असतो. मोबाइलच्या आयसीखाली हॉट एअरने जेल फ्लक्स वाहवला की मधला भाग तापतो. शील्डच्या कडेला आणि शेजारच्या चिपखाली पळालेला फ्लक्स अर्धकच्चा राहतो. त्यातलं आम्ल जागंच असतं. ‘नो-क्लीन’ची हमी या अर्ध्या तापलेल्या फ्लक्सला लागू होत नाही.

इथे तुळिंजची हवा मध्ये येते. खाडी-समुद्राजवळचा हा पट्टा पावसाळ्यात आठवडेच्या आठवडे दमट असतो, तुळिंज रोड आणि आचोळे रोडवर पाणी साचणं नवीन नाही. अशा हवेत बोर्डवर पाण्याचा अदृश्य थर बसतो, आणि आम्लाचे अवशेष तो आणखी ओढून घेतात. मग व्होल्टेज मिळालं की धन टोकाकडचा धातू विरघळतो, ऋण टोकावर जमतो आणि तिथून बारीक फांद्या फोडत परत धन टोकाकडे वाढतो. फांदी पोचली की शॉर्ट. कधी ती त्या करंटनेच जळून जाते, म्हणून बिघाड येतो-जातो आणि सापडत नाही. “वर्षानुवर्षं न धुता रेडिओ दुरुस्त केले, काही झालं नाही” हा आक्षेप रास्त आहे. पण तेव्हाच्या आयसीच्या पिना 2.54 मिलिमीटरवर होत्या. आजच्या फोनमधल्या चिपचे सोल्डरगोळे 0.4 मिलिमीटर किंवा त्याहूनही जवळ असतात. शिवाय चार महिन्यांनी बंद पडलेला फोन त्याच दुकानात परत येईलच असं नाही, त्यामुळे न धुण्याची किंमत दुरुस्ती करणाऱ्याला कळतच नाही.

धुवायचं ठरलं तर अर्धवट धुणं सर्वांत वाईट. थोड्या आयपीएत (आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये) ब्रश बुडवून फिरवला की राळेचं कवच विरघळतं, आत बंद असलेलं आम्ल मोकळं होतं आणि पातळ होऊन सगळ्या बोर्डभर पसरतं. आयपीए उडून गेल्यावर दिसणारी पांढरी भुकटी बऱ्याचदा याचीच खूण असते. जखमेवर लावायच्या 70 टक्क्यांच्या स्पिरिटमध्ये बाकी पाणीच असतं, त्याने राळ नीट निघत नाही. 99 टक्क्यांचं आयपीए घ्यावं, ब्रशने घासावं, बोर्ड तिरका धरून त्यावरून ताजं आयपीए खळखळून वाहू द्यावं आणि उडून जायच्या आत धागे न सोडणाऱ्या कापडाने टिपावं. पेट्रोल किंवा थिनर नको. थिनरने प्लॅस्टिकचे कनेक्टर खराब होतात, आणि दोन्ही झटकन पेटतात. आयपीएही पेटतं, म्हणून तापलेली गन लांब ठेवून, खिडकी उघडी ठेवूनच धुवावं. वरून संरक्षक लॅकर मारायचा असेल तर बोर्ड आधी धुऊन पूर्ण सुकवावा: लॅकरमधून पाण्याची वाफ हळूहळू आत जातेच, आणि खाली क्षार राहिले असतील तर तिथेच फोड येऊन थर सुटतो.