बेडकुळी, वाटी आणि माकडहाड

लेखमाला : दवाखान्यातले शब्द – भाग ९

आषाढीच्या वाटेवर तुकोबांची पालखी वरवंडचा मुक्काम हलवून पाटसला येते. गावात विसावते आणि मग रोटी घाट चढून उंडवडी गवळ्याचीकडे निघते. घाटात रथाला जादा बैलजोड्या जोडतात. माणसांच्या पायांना अशी सोय नाही. देहूपासून चालत आलेले पाय घाटाच्या तोंडाशी कुरकुरायला लागतात, आणि पाटसमधल्या औषधोपचाराच्या मंडपांत गर्दी होते ती मुख्यतः त्या पायांचीच.

मंडपातल्या टेबलाशी बसून नुसतं ऐकत राहावं. “पोटरीत गोळा येतोय, माउली.” “मांडीला रग लागलीय.” “टाच ठणकतीय.” “गुडघ्यातनं कळ निघती.” “तळव्याला मुंग्या येत्यात.” पाच माणसं, पाच तक्रारी. चिठ्ठीवर मात्र पाचही जणांच्या नावापुढे एकच नोंद पडते, ‘लेग पेन’. मला तिथे हटकून वाटतं, की निम्मं निदान पेशंट स्वतःच करून आला होता आणि आपण ते खोडून टाकलं.

कारण हे पाच शब्द म्हणजे पाच वेगळ्या गोष्टी आहेत. गोळा म्हणजे आवळलेला स्नायू, जो पुन्हा सैल व्हायचं नाव घेत नाही. त्याला मलमापेक्षा पायाचा चवडा हाताने आपल्याकडे ओढून धरणं लवकर लागू पडतं, कारण त्याने पोटरी ताणली जाते. रग म्हणजे श्रमाने आलेला थकवा, तो विश्रांतीने उतरतो. ठणका नाडीच्या ठोक्याबरोबर उसळतो, तिथे बहुधा सूज असते. कळ एका रेषेत धावते. मुंग्या आल्या तर चौकशी स्नायूची नाही, मज्जातंतूची करायची. वैद्यकात या मुंग्यांना ‘फॉर्मिकेशन’ असा भारदस्त शब्द आहे. तो आला ‘फॉर्मिका’वरून, आणि लॅटिनमध्ये फॉर्मिका म्हणजे मुंगी. तळव्याला मुंग्या आल्याचं सांगणाऱ्या आजीबाई त्यांच्या नकळत लॅटिनच बोलत होत्या.

आजच्या भागाचा विषय हाच. हाडा-स्नायूंची डॉक्टरी नावं आपण अवघड समजतो, पण ती ज्यांनी ठेवली त्यांनी आपल्यासारखंच डोळ्याला दिसेल ते ठेवलं. ‘मसल’ हा शब्द लॅटिन ‘मुस्कुलुस’वरून आला. त्याचा अर्थ छोटा उंदीर. दंड वाकवला की कातडीखाली काहीतरी सुळकन सरकतं, रोमच्या लोकांना तो उंदीर वाटला. तालमीतल्या आपल्या पोरांना तिथे बेडूक दिसला, म्हणून आपण दंडाची बेडकुळी काढतो. खरं सांगायचं तर बेडकुळी जास्त नेमकी आहे. उंदीर सरकतो. फुगून बसायचं काम बेडकाचं.

पोटरीचंही तसंच. तिच्या मोठ्या स्नायूचं नाव ‘गॅस्ट्रोक्निमियस’, ग्रीकमध्ये अर्थ पायाचं पोट. आपल्या पोटरीतही पोट आहेच. गुडघ्यावरचं हाड ‘पटेला’, म्हणजे लहानशी पसरट थाळी, आणि आपण म्हणतो गुडघ्याची वाटी. नडगीचं हाड ‘टिबिया’, म्हणजे पावा. पूर्वी हाडांचे पावे करत. आपल्याकडेही पायाची नळीच फुटते. मांडीवरून तिरका उतरणारा, शरीरातला सगळ्यांत लांब स्नायू ‘सार्टोरियस’. त्याचं नाव शिंप्यावरून पडलं, कारण शिंपी मांडी घालून बसतो आणि ती बैठक जमवताना हा स्नायू कामाला येतो. (वारीच्या वाटेवर शिंपी म्हटलं की नामदेवच आठवणार, त्याला माझा इलाज नाही.)

पाठीच्या कण्याच्या टोकाला ‘कॉक्सिक्स’ आहे. ग्रीकांना त्या हाडात कक्कू पक्ष्याची, म्हणजे आपल्या कोकिळेच्या चुलतभावाची, चोच दिसली. आपण त्याला माकडहाड म्हटलं. लहानलहान मणके जुळून झालेलं ते शेपटीचं अवशिष्ट हाड आहे. तेव्हा या सामन्यात ग्रीकांवर मराठीने सरळ मात केली, असं म्हणायला हरकत नाही.

शासनाच्या परिभाषा कोशांना नावं ठेवायची आपल्याकडे पद्धत आहे. मी ठेवत नाही. टिबियाला ‘अंतर्जंघास्थी’ म्हटलं की तिच्या शेजारच्या बारीक हाडाला ‘बहिर्जंघास्थी’ म्हणता येतं. पुस्तकाला अशी जोडनावं लागतात, आणि त्या बारीक हाडाला गावाने वेगळं नाव दिलंय असं माझ्या तरी कानावर आलेलं नाही. पण रोटी घाटात अंतर्जंघास्थी दुखत नाही. तिथे नडगी दुखते.

आता गावाचा शब्द जिथे फसवतो तिकडे वळू. असा सगळ्यांत फसवा शब्द म्हणजे नस. सलाइन लावताना ‘नस सापडत नाही’ म्हणतात, तेव्हा ती नीला असते, रक्त हृदयाकडे परत नेणारी. ‘कमरेत नस दबलीय’ म्हणतात, तेव्हा तो मज्जातंतू असतो. टाचेमागच्या जाड दोरीला घोडनस म्हणतात, आणि ती असते कंडरा, म्हणजे स्नायूला हाडाशी बांधणारी दोरी. रक्ताची नळी, निरोपाची तार आणि बांधायची दोरी, तिघींना एकच नाव. ‘शीर’ या शब्दाचीही तीच गत. नस दबली म्हणून पेशंट रक्त पातळ करायची गोळी मागतो, त्यात त्याचा दोष नाही. शब्दानेच त्याला तिकडे नेलं.

पण हा घोळ अडाणीपणाचा म्हणाल तर ग्रीकांनाही अडाणी म्हणावं लागेल. ‘न्यूरॉन’ हा शब्द आज मेंदूच्या पेशीला लावतात. मुळात त्याचा अर्थ होता कंडरा, धनुष्याची दोरी. लॅटिन ‘नर्व्हस’चाही तोच. आणि आपला ‘स्नायू’ याच कुळातला. संस्कृतात तो दोरीसारखा बांधणारा धागा होता. सुश्रुतसंहितेत मोजदाद आहे : स्नायू ९००, पेशी ५००, कंडरा १६. तिथे मांसल भाग म्हणजे पेशी, आणि स्नायू म्हणजे नावेच्या फळ्या बांधाव्यात तसे सांधे बांधून ठेवणारे बंध. पुढे बंगालीत स्नायू मज्जातंतू झाला, मराठीत तो मांसाचा गोळा झाला, आणि पेशी जीवशास्त्राच्या पुस्तकात जाऊन सूक्ष्मदर्शकाखालचा कण झाली. हिंदी मुलखातला डॉक्टर ‘मांसपेशी’ म्हणतो तेव्हा तो सुश्रुताच्या जास्त जवळ असतो. म्हणून जुना आयुर्वेदाचा ग्रंथ वाचताना मराठी वाचकाने आपल्या ओळखीच्या शब्दावर फार विसंबू नये.

प्रत्ययांचं थोडक्यात उरकतो. शेवटी ‘आयटिस’ आलं की सूज, म्हणून आर्थ्रायटिस म्हणजे सांध्याची सूज. ‘आल्जिया’ आलं की नुसतं दुखणं, म्हणून मायाल्जिया म्हणजे स्नायूदुखी. ‘ओसिस’ आलं की बहुधा झीज किंवा बिघाड. मान धरलेला जवळजवळ प्रत्येक जण आपल्याला ‘स्पॉन्डिलायटिस’ झाल्याचं सांगतो. त्यांतल्या बहुतेकांना असतो स्पॉन्डिलोसिस, म्हणजे वयाबरोबर होणारी मणक्यांची झीज. सुजेचे मणक्याचे आजार वेगळे, आणि त्यांचे उपचारही वेगळे.

राहिला ‘गॅप’. हा शब्द ना ग्रीक, ना संस्कृत, ना धड इंग्रजी. पाटसच्या आसपास उसाचा पट्टा आहे. हंगामात तोडणीची माणसं दिवसभर कमरेत वाकून कोयता चालवतात, मग मोळी डोक्यावर घेऊन फळीवरून ट्रॉलीवर चढतात. असेच एक पन्नाशीचे काका एकदा एक्स-रेची फिल्म पिशवीत गुंडाळून माझ्याकडे आले. कुणीतरी त्यांना सांगितलं होतं, मणक्यात गॅप आहे. ते ऐकून त्यांनी काम सोडलं होतं. त्यांचा प्रश्न सरळ होता : “गॅप पडलीय तर ती भरायची कशानं? दुधानं भरंल का?”

फिल्म उजेडात धरली. गॅप दोन मणक्यांमध्ये असतेच, असायलाच हवी. तिथे गादी असते, बाहेरून चिवट कडं आणि आत पाणीदार गर. एक्स-रेत गादी दिसत नाही, म्हणून तिथे मोकळी जागा भासते. दिवसभर उभं राहून ही गादी थोडी दबते, त्यामुळे संध्याकाळी आपण सकाळपेक्षा सुमारे एक सेंटिमीटर बुटके असतो. रात्री आडवं झालं की ती पुन्हा पाणी धरते. वयाने आणि ओझ्याने मात्र तिचं पाणी कायमचं कमी होत जातं. काकांच्या कमरेच्या पाच मणक्यांपैकी चौथ्या आणि पाचव्यामधली जागा अरुंद झाली होती. म्हणजे गॅप पडली नव्हती, उलट कमी झाली होती.

हे सगळं मी त्यांना डिस्क, डीजनरेशन असले शब्द वापरून सांगत होतो आणि ते नुसते मान हलवत होते. शेवटी म्हटलं, “काका, गादी दबलीय.”

त्यांचा चेहरा उजळला. “म्हंजी कापूस बसलाय,” ते म्हणाले. मग फिल्म पिशवीत घालता घालता थांबले. “पिंजून मिळतो का हो?”

(पुढील आठवड्यात : खुबा)