आधी तळं, मग बाग! वाशीमपासून सुरू होणाऱ्या 11 हिरव्यागार गोष्टी

प्राचीन बागा म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर बॅबिलोनचे झुलते बगीचे येतात. पण दीड हजार वर्षांपूर्वी आपलं वाशीम हीसुद्धा एक राजधानी होती. वाकाटक राजांच्या एका शाखेनं 4थ्या शतकात इथं राज्य थाटलं. त्या काळी लोक झाडं कशी लावत, तळी कशी बांधत, अंगणात काय पिकवत, याचे पुरावे ताम्रपटांत, शिलालेखांत आणि जुन्या ग्रंथांत आजही आहेत. चला, एक फेरफटका मारू.

1. गावाच्या नावातच झुडूप

वाशीमचं जुनं नाव वत्सगुल्म. प्राकृतात त्याचं वच्छोम झालं आणि झिजत झिजत वाशीम. यातल्या 'गुल्म' शब्दाचा संस्कृतातला एक साधा अर्थ आहे झुडूप, म्हणजे खोड नसलेलं, बुंध्यापासूनच फुटलेलं झाड. स्थानिक माहात्म्य या नावाची सांगड वत्स ऋषींशी घालतं. कामसूत्राचा टीकाकार वत्स आणि गुल्म नावाच्या दोन भावांची गोष्ट सांगतो. कथा कुठलीही घ्या, नावातली हिरवळ काही जात नाही. काव्यमीमांसा लिहिणाऱ्या राजशेखरानं तर विदर्भातल्या या नगराला थेट कामदेवाचं क्रीडास्थान म्हटलं आहे.

2. तळ्याची जन्मतारीख दगडावर

वाशीमजवळ हिस्से-बोराळा नावाचं गाव आहे. तिथं सापडलेल्या शिलालेखात एका तळ्याची नोंद आहे. तळ्याचं नाव सुदर्शन, बांधवून घेणारा स्वामिल्लदेव, आणि तो ज्याच्या सेवेत होता तो राजा वाकाटक देवसेन. वर्ष शक 380, म्हणजे इ.स. 458-59. कोरणाऱ्यानं त्या वेळी सप्तर्षी कोणत्या नक्षत्रात मानले जात, तेही लिहून ठेवलं: उत्तरा. वाकाटक राजे एरवी आपल्या राज्यवर्षानं काळ मोजत. त्यामुळे शकाचा स्पष्ट आकडा देणारा हा लेख इतिहासकारांना सोन्यासारखा आहे. राजांच्या वंशावळीला काळाची पक्की खुंटी मिळाली, ती एका तळ्यामुळे!

3. एकाच वेळी दोन सुदर्शन

सुदर्शन नावाचं आणखी एक तळं गुजरातेत गिरनारच्या पायथ्याशी होतं. ते चंद्रगुप्त मौर्याच्या काळातलं. गंमत बघा, स्कंदगुप्ताच्या राज्यात इ.स. 455-56 च्या सुमारास अतिवृष्टीनं त्याचा बांध फुटला आणि पुढच्याच वर्षी तिथला अधिकारी चक्रपालित यानं तो पुन्हा बांधून काढला. जुनागढच्या खडकावर हे सगळं कोरलेलं आहे. म्हणजे तिकडे जुनं सुदर्शन दुरुस्त झालं आणि दोन-तीन वर्षांत इकडे विदर्भात नवं सुदर्शन उभं राहिलं. 'सुदर्शन' म्हणजे बघायला सुंदर. पाणी साठवण्याच्या कामाला असं नाव देणाऱ्या लोकांच्या मनात उपयोग आणि सौंदर्य वेगळे नव्हते.

4. सावलीविना तळं शोभत नाही

6व्या शतकातला वराहमिहिर बृहत्संहितेत झाडांचा अध्याय कशापासून सुरू करतो? फुलांपासून नाही, पाण्यापासून. काठावर सावली नसेल तर जलाशय मनाला भावत नाही, म्हणून पाण्याच्या कडेनं बागा लावा, असं तो सांगतो. कोणती झाडं लावायची, त्याची यादीही देतो: अर्जुन, वड, आंबा, कदंब, जांभूळ, मोह, बकुळ, ताड, अशोक. तळं पूर्व-पश्चिम लांब ठेवलं तर पाणी जास्त टिकतं, दक्षिण-उत्तर ठेवलं तर वाऱ्याच्या लाटा काठ फोडतात, हेही त्यानं नोंदवलं आहे. तळ्याच्या बांधाला तो 'पाली' म्हणतो. आपण म्हणतो तळ्याची पाळ. शब्द तोच!

5. तीळ पेरा, फुलू द्या, तुडवा

ही कृती जरा जवळून बघू. बागेसाठी जमीन मऊ हवी. वराहमिहिर म्हणतो, आधी तिथं तीळ पेरा. रोपं वाढू द्या, पांढरी-जांभळट फुलं येऊ द्या आणि ऐन फुलोऱ्यात ती पायांखाली तुडवून मातीत मिसळा. मग झाडं लावा. आपला शेतकरी ताग किंवा धैंचा फुलोऱ्यावर आला की नांगरून गाडतो, त्यामागचं शहाणपण हेच. हिरवळीचं खत! दोन झाडांतल्या अंतराचाही हिशेब आहे: 20 हात उत्तम, 16 मध्यम, 12 किमान. 20 हात म्हणजे साधारण 30 फूट. आंब्याच्या पारंपरिक लागवडीत आजही दोन झाडांत 10 मीटर अंतर धरतात. दीड हजार वर्षांत फरक पडला तो जेमतेम तीन फुटांचा.

6. वाशीमचा राजा आणि स्वर्गातलं झाड

वत्सगुल्म शाखेचा संस्थापक सर्वसेन हा कवीही होता. त्यानं महाराष्ट्री प्राकृतात 'हरिविजय' नावाचं काव्य रचलं. ते आज पूर्ण मिळत नाही, पण आनंदवर्धनासारख्या काव्यशास्त्रकारानं त्याची दखल घेतली आहे. विषय काय, तर सत्यभामेसाठी कृष्णानं इंद्राच्या नंदनवनातून पारिजात आणला त्याची कथा. म्हणजे वाशीमच्या पहिल्या राजाच्या काव्याचा गाभाच एका झाडाचं स्थलांतर!

अशी स्थलांतरं प्रत्यक्षातही होत. सर्वसेनाच्या सुमारे 1800 वर्षं आधी इजिप्तची राणी हत्शेपसुत हिनं पुंत देशातून सुगंधी धुपाची झाडं मुळांसकट आणवली. टोपल्यांत ठेवलेली ती झाडं खांद्यावरच्या दांड्यांवरून नेणारी माणसं तिच्या मंदिराच्या भिंतींवर कोरलेली आहेत. नर्सरीतून रोप आणताना आपण मुळांभोवतीची माती जपतो ना, तसंच.

7. राजाला फुलंही द्यावी लागत

सर्वसेनाचा मुलगा दुसरा विंध्यशक्ती. त्याचा ताम्रपट वाशीमलाच 1939 मध्ये मिळाला. त्यात दान दिलेल्या गावाला मिळालेल्या सवलतींची लांबलचक यादी आहे. मीठ खणण्याचा हक्क, बैल, कातडी, कोळसा यांच्याबरोबर तिथं आणखी एक सवलत दिसते: या गावाकडून फुलं आणि दूध घेऊ नये. याचाच अर्थ, एरवी गावांना राजाच्या माणसांसाठी फुलं पुरवावी लागत. फुलांची लागवड गावोगाव चालत असली पाहिजे, त्याशिवाय असं कलम ताम्रपटात कशाला येईल?

8. परसबागेची मालकीण

वात्स्यायनाचं कामसूत्र म्हणजे भलताच ग्रंथ, असा अनेकांचा समज असतो. पण त्यात परसबागेचं अस्सल मार्गदर्शन आहे! घराजवळची बाग हे गृहिणीचं क्षेत्र. तिनं वाफ्यांत मुळा, पालक, काकडी, वांगी, कोहळा, दुधी, सुरण, कांदा, लसूण लावावा. फुलांत मोगरा, जाई, तगर, कोरांटी, जास्वंद. वाळ्याचेही वाफे करावेत. बसायला छान ओटे हवेत आणि मधोमध विहीर, बारव किंवा लांबट तळं खणून घ्यावं. इथंही बागेच्या काळजात पाणीच! शौकीन नागरकाच्या घरी झाडांच्या सावलीत झोपाळा आणि फुलं पसरलेला ओटा असावा, असंही तो सांगतो. याच ग्रंथात वत्सगुल्माचा उल्लेख आहे. त्या काळी आपल्या गावाची कीर्ती किती लांब पोचली होती, याचा हा दाखला.

9. जशी बाग, तसं नाव

अमरकोश या जुन्या संस्कृत शब्दकोशात बागेला एकच शब्द नाही. माणसानं लावलेलं वन म्हणजे आराम किंवा उपवन. घरालगतची बाग म्हणजे निष्कुट. अमात्य आणि गणिका यांच्या घरची ती वृक्षवाटिका. राजाची, पण सगळ्यांनी वापरायची ती आक्रीड किंवा उद्यान. आणि फक्त अंतःपुरासाठी राखलेली ती प्रमदवन. आज नगरपालिकेच्या फाटकावर आपण 'उद्यान' लिहितो. सर्वांसाठी खुल्या बागेचा शब्द आपण नेमका उचलला आहे.

10. बागेतल्या तळ्यानं घडवलं व्याकरण

आता पैठणला जाऊ. कथासरित्सागरात सातवाहन राजाच्या देवीकृती नावाच्या बागेची गोष्ट येते. वसंतात राजा राण्यांबरोबर तिथल्या तळ्यात जलक्रीडा करत होता. पाण्याच्या माऱ्यानं दमलेली एक राणी संस्कृतात म्हणाली, 'पाण्यानं मारू नका.' तिनं 'मा' आणि 'उदक' यांचा संधी करून बोललेला शब्द राजाच्या कानांना ऐकू आला 'मोदक'. त्यानं ताबडतोब मोदक मागवले! राणी हसली, राजा ओशाळला आणि झटपट संस्कृत शिकण्याचा त्यानं ध्यास घेतला. त्याचा मंत्री गुणाढ्य म्हणाला, सहा वर्षं लागतील. दुसरा मंत्री शर्ववर्मा म्हणाला, सहा महिन्यांत शिकवतो. त्यातून कातंत्र हे सोपं व्याकरण जन्मलं, अशी ही कथा. मुलांना संधी शिकवताना वर्गात जरूर सांगा.

11. पाऊस पडला की कारंजी सुरू

5व्या शतकाच्या उत्तरार्धात वत्सगुल्माच्या गादीवर हरिषेण आला. त्याचा मंत्री वराहदेव यानं अजिंठ्याचं 16 क्रमांकाचं लेणं कोरवलं. लेण्याकडे जाणाऱ्या पायऱ्यांच्या वाटेवर नागराजाची मूर्ती आहे. नाग म्हणजे पाण्याचा राखणदार! त्याच सुमारास, 477 ते 495 या काळात, श्रीलंकेत राजा कश्यपानं सिगिरियाच्या प्रचंड खडकाच्या पायथ्याशी जलोद्यान उभारलं. नीटस आखलेली तळी, जमिनीखालून गेलेले पाट आणि भोकं पाडलेल्या दगडी चकत्यांची कारंजी. यंत्र नाही, पंप नाही. वरच्या पाण्याचा दाब एवढीच किमया. पावसाळ्यात ती कारंजी आजही उडतात. त्याच्याही हजार वर्षं आधी इराणात पसारगादला सायरस राजानं दगडी पाट आणि छोट्या कुंडांभोवती बाग आखली होती. देश कोणताही असो, माळ्याआधी पाणक्या हजर!

आणि आपलं पद्मतीर्थ

वाशीमच्या पद्मतीर्थाची दंतकथा आपल्याकडे घरोघरी ठाऊक आहे. वासुकी राजा त्वचारोगानं त्रासला होता. इथल्या डबक्याच्या पाण्यानं तो बरा झाला आणि त्यानं त्याचं मोठं तळं केलं. मालेगाव तालुक्यातल्या शिरपूरलाही जैन परंपरा अशीच कथा सांगते: राजा ईल पाण्यानं बरा झाला आणि त्याच पाण्यात त्याला पार्श्वनाथांची मूर्ती सापडली. इतिहास आणि दंतकथा वेगळ्या ठेवल्या पाहिजेत, हे खरं. पण दोन्ही एकच गोष्ट सांगतात. या मातीत पाण्याला मान होता आणि पाण्याच्या काठाला झाडांचा मान होता.

म्हणून एक विनंती. येत्या पावसाळ्यात रोप लावणार असाल तर ते रिकाम्या कोपऱ्यात लावून मोकळे होऊ नका. आपल्या गावच्या तळ्याच्या पाळीवर, विहिरीच्या काठावर, नाल्याच्या कडेला एक अर्जुन, एक जांभूळ, एक कदंब लावा. तळ्यात कचरा टाकणाऱ्याला थांबवा. मुलांना एकदा हिस्से-बोराळ्याला न्या आणि सांगा, इथं स्वामिल्लदेव नावाच्या माणसानं इ.स. 458 च्या सुमारास एक तळं बांधलं आणि त्याला नाव दिलं सुदर्शन. ते नाव सार्थ ठेवायची पाळी आता आपली आहे.