'नगराचा विमानतळ' : एका षष्ठीचा विचार

मराठीत 'तळ' या शब्दाला 'मुक्कामाची जागा' असा एक रूढ अर्थ आहे. सैन्याचा तळ, पालखीतळ, गाडीतळ या प्रयोगांत तोच दिसतो, आणि 'वाहनतळ' व 'विमानतळ' हे समास त्याच वळणावर घडले आहेत. शब्दरचनेच्या दृष्टीने ही भावंडेच होत. परंतु 'नगरपालिकेचा वाहनतळ' या प्रयोगाशी वाचक अडखळत नाही. 'नगरपालिकेचा विमानतळ' असे म्हटल्यास मात्र त्याचा अर्थ उलगडून सांगावा लागतो.

या भेदाचे कारण भाषेत नसून राज्यघटनेत आहे. १९९२ च्या चौऱ्याहत्तराव्या घटनादुरुस्तीने जोडलेल्या बाराव्या अनुसूचीत नगरपालिकांकडे सोपविता येण्याजोगे १८ विषय आहेत. त्यांपैकी सतराव्या नोंदीत पथदिवे व बसथांबे यांच्या पंक्तीला वाहनतळ आहेत. विमानतळांची तरतूद व नियमन हे विषय सातव्या अनुसूचीतील संघसूचीच्या २९ व्या नोंदीत येतात. यास्तव ताथवडे येथे वाहनतळ बांधणे हे पिंपरी-चिंचवड महानगरपालिकेचे काम ठरते. परंतु शेजारच्या चाकण-खेड भागात विमानतळ व्हावा की नाही याची चर्चा अनेक वर्षे चालून २०१६ मध्ये पुरंदर तालुक्याची निवड झाली, तेव्हा तो निर्णय महानगरपालिकेच्या कक्षेतील नव्हता.

येथे षष्ठीचे स्वरूप लक्षात घेतले पाहिजे. पाणिनीय परंपरेत इतर कारकसंबंध सांगून झाल्यावर जे संबंध उरतात, त्या 'शेष' अर्थी षष्ठी सांगितली आहे. मराठीतील 'चा' प्रत्ययही असाच व्यापक आहे. 'पुण्याचा विमानतळ' यातील 'चा' स्थान व उपयोग दाखवितो, मालकी नव्हे. कारण लोहगावचा तळ हवाई दलाचा असून नागरी वाहतूक तेथे मुभेने चालते. हडपसरच्या ग्लायडिंग केंद्राचेही तसेच. इंजिन नसलेले विमान विंचच्या दोराने वर ओढून सोडावयाचे व तापलेल्या हवेच्या ऊर्ध्वप्रवाहावर तरंगत ठेवावयाचे, ही विद्या तेथे केंद्र शासनाच्या नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाने शिकविली. केंद्र हडपसरचे; अधिकार दिल्लीचा.

ग्लायडिंगसारखे उड्डाण ज्या वर्गात मोडते, तो 'सर्वसाधारण विमानचालना'चा वर्गही शेषरूपच आहे. ठरावीक वेळापत्रकाची व भाडे घेऊन चालणारी वाहतूक वगळली म्हणजे जे उरते, ते त्यात येते : वैमानिकांचे शिक्षण, खाजगी प्रवास, हौशी उड्डाण. अमेरिकेत अशा उड्डाणांसाठी अनेक लहान विमानतळ नगरांच्या मालकीचे आहेत.

परंतु तेथेही मालकी म्हणजे पूर्ण अधिकार नव्हे. कॅलिफोर्नियातील सँटा मोनिका नगराचा विमानतळ दुसऱ्या महायुद्धात संघशासनाने भाडेपट्ट्याने घेतला आणि १९४८ मध्ये काही अटींसह परत केला. पुढे वस्ती वाढली, आवाजाविषयी तक्रारी वाढल्या व नगराने तो बंद करण्याचे ठरविले. पण संघशासनाने त्या अटींवर बोट ठेवले. दीर्घ वादानंतर २०१७ मध्ये तडजोड झाली. तीनुसार ४,९७३ फुटांची धावपट्टी ३,५०० फुटांवर आणण्यात आली, आणि ३१ डिसेंबर २०२८ नंतर विमानतळ बंद करण्याची मोकळीक नगरास मिळाली.

तात्पर्य, 'नगराचा विमानतळ' या एका पदबंधात तीन निरनिराळे प्रश्न दडलेले असतात : जमीन कोणाची, परवानगी कोणाची आणि तो चालू ठेवण्याचा वा बंद करण्याचा निर्णय कोणाचा. सँटा मोनिकाच्या नागरिकांजवळ पहिल्याचे उत्तर होते. तिसऱ्यासाठी त्यांना दशके झगडावे लागले. आपल्याकडे विमानतळाचा आवाज व जमिनीची टंचाई नगराच्या वाट्यास येते, निर्णय येत नाही. म्हणून अहवाल लिहिणाऱ्याने व अनुवादकाने या ठिकाणी केवळ 'चा' वर न विसंबता 'येथील', 'च्या मालकीचा' व 'ने चालविलेला' यांपैकी अभिप्रेत संबंध स्पष्टपणे लिहावा. तसे न केल्यास, जो अधिकार नागरिकांस नाही तो आहे असा समज वाक्यरचनेतूनच पसरतो.