झडप बसली, पुढं काय?

६ डिसेंबर १९९० रोजी तिरुवनंतपुरमच्या श्रीचित्रा संस्थेत भारतीय बनावटीची हृदयझडप पहिल्यांदा रुग्णाला बसवली गेली. डॉ. वलियाथन यांच्या चमूच्या त्या कामाला गेल्या डिसेंबरात ३५ वर्षं झाली. त्याच सुमारास कोडोलीतल्या आमच्या रक्त तपासणाऱ्यानं सांगितलं, "आयएनआर इथं बंद केलंय, कोल्हापूरला जावा." आयएनआर म्हणजे रक्त गोठायला किती वेळ लागतो, हे सांगणारा आकडा.

१९६०च्या स्टार-एडवर्ड्स झडपेपासूनचा इतिहास पुस्तकांत आहे. मी पाहिलं ते नव्वदचं दशक. लहानपणीच्या संधिज्वरानं आमच्या आक्काची मायट्रल झडप आकसली होती. मुंबईत धातूची झडप बसली, घरी पेढे वाटले. रक्त पातळ ठेवणारी गोळी जन्मभर का घ्यायची, हे सुट्टी देताना कुणी धड सांगितलं नाही. त्याचा राग अजून आहे. परक्या वस्तूवर रक्त गोठू पाहतं आणि मायट्रलमधून ते संथ वाहतं, म्हणून तिथं महाधमनीच्या झडपेपेक्षा गुठळीचा धोका जास्त. आयएनआर अडीच ते साडेतीनमध्ये हवा. खाली गेला तर गुठळी, वर गेला तर रक्तस्राव.

गावच्या दवाखान्यातले कंपाउंडर तपासणीच्या तारखांची वही ठेवायचे. तारीख चुकली की निरोप यायचा. ते निवृत्त झाले, वही बंद झाली. पुढं दात काढायचा म्हणून आक्काची गोळी थांबवली गेली. पुन्हा कधी सुरू करायची, ते कुणी बोललंच नाही. काही दिवसांत धाप लागली, छातीतली टिकटिक दबली. गुठळीनं झडपेची चकती अडकली होती. गुठळी विरघळवणाऱ्या औषधानं ती वाचली. मग पालेभाजीनं गोळीचा असर कमी होतो म्हणून शहाण्यांनी तिची मेथी तोडली. वास्तविक पालेभाजी सोडायची नसते, प्रमाण सारखं ठेवायचं असतं.

२०१३पर्यंत जीवनदायी योजना राज्यभर पोचली, गरिबाच्या शस्त्रक्रियेची सोय झाली. जन्मभराच्या तपासणीचं ओझं मात्र घरावरच राहिलं. अशी तपासणी न लागणाऱ्या नव्या गोळ्यांची आशाही फोल ठरली: धातूच्या झडपांवर डॅबिगॅट्रानची चाचणी गुठळ्या आणि रक्तस्राव वाढल्यानं थांबवावी लागली, २०२२मध्ये अपिक्साबानचीही थांबली. म्हणजे जुनीच गोळी आणि तीच तपासणी.

साखरेसारखंच बोटाच्या थेंबावर आयएनआर सांगणारं यंत्रही मिळतं. ते आमच्या पन्हाळा तालुक्यातल्या प्रत्येक प्राथमिक आरोग्य केंद्रात हवं. पट्ट्या महाग पडतात, हे कारण मला मान्य नाही. सत्तरी ओलांडलेल्या आक्कानं एका आकड्यासाठी दर महिन्याला कोल्हापूरची एसटी का धरायची?