मोबाईलवरचा फोटो आधी धूसर का दिसतो?

पांढुर्णा : आंबिया बहाराचा माल तयार झाला की पांढुर्णा-सौंसरच्या बागांमधले संत्र्याचे फोटो वरुड-नागपूरकडच्या व्यापाऱ्यांना व्हॉट्सॲपवर जातात. समोरच्याच्या मोबाईलवर आधी धूसर चित्र उमटतं, मग साफ फोटो येतो. नेट स्लो असल्यानं एकच फोटो हळूहळू साफ होतो, असं बऱ्याच जणांना वाटतं. तसं नाही.

धूसर दिसतं ते वेगळंच, अगदी लहान चित्र. ते मेसेजसोबतच येतं आणि ॲप त्याला ताणून मोठं करतं. खरा फोटो मागून डाउनलोड होतो. तो पूर्ण आला की अनेक ॲप त्याला फिक्यापासून ठळक करत जुन्या चित्रावर चढवतात. याला क्रॉसफेड म्हणतात. अँड्रॉइड ॲप बनवणारे त्यासाठी ग्लाइड नावाची तयार लायब्ररी वापरतात; तिच्या क्रॉसफेडला ठरलेला वेळ 300 मिलिसेकंद, म्हणजे पापणी लवते तेवढाच. फोटो मोबाईलच्या मेमरीत आधीच असेल तर ग्लाइड ही ॲनिमेशन करतच नाही, फोटो झटकन दिसतो.

यानं डाउनलोडचा वेग काडीचाही वाढत नाही. चित्र एकदम बदलून डोळ्यांना खटकू नये, एवढाच उपयोग.

पण डेटा वाचवायला ऑटो-डाउनलोड बंद ठेवलेलं असेल, तर बोट लावेपर्यंत ते धूसर चित्रच समोर राहतं. त्यात कोळशीचा काळा थर किंवा सालीवरचे बारीक डाग दिसत नाहीत; सगळाच माल एकसारखा केशरी वाटतो. भाव बोलायचा तो खरा फोटो उघडून, झूम करून पाहिल्यावरच.